चौकटीतला चेहरा : चित्रकादंबरीच्या एका नवख्या वाचकाची टिपणे

पन्नाशी उलटल्यावर एखादा नवा वाङ्मयप्रकार वाचायला घेण्याची वेळ माझ्यावर आली ती माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकते. मागच्या रमजानमध्ये आमच्याकडे निगडीला इफ्तारला आली होती, जाताना एक जाड पुस्तक ठेवून गेली. मार्जान सत्रापी या इराणी लेखिकेचे 'पर्सेपोलिस'. मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलेले, आता इंग्रजीत एकत्र मिळते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळी-पांढरी चित्रे, चित्रांना चौकटी, चौकटींत बोलण्याचे फुगे. तरावीह आटोपून मी ते उघडले आणि घरच्यांनी सहरीला हाक मारली तेव्हा शेवटची पाने चालली होती. तीनशेहून अधिक पाने एका रात्रीत! दुसऱ्या दिवशी भाचीला फोनवर मोठ्या ऐटीत हे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "मामू, तुम पढे नै, सिर्फ देखे."

वाचले नाही, नुसते पाहिले. हे बोलणे मला लागले, कारण चित्र वाचणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. आधी भोसरी आणि मग चाकणच्या एमआयडीसीत मिळून सव्वीस वर्षे मी तपासणी खात्यात काढली. ड्रॉइंग समोर ठेवायचे, पार्ट हातात घ्यायचा आणि माप जुळते की नाही ते पाहायचे. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते याचे तीन देखावे कागदावर असतात. तीन चित्रांतून एक वस्तू डोक्यात उभी करावी लागते. जी कड डोळ्यांना दिसत नाही ती तुटक रेघेने दाखवलेली असते. प्रत्येक मापाला गोलात एक क्रमांक देतात, त्या गोलाला आमच्याकडे बलून म्हणतात. त्यामुळे चित्रकथेतल्या फुग्यालाही बलून म्हणतात हे कळल्यावर मला उगाचच आपल्याच खात्यात आल्यासारखे वाटले होते.

पण घोटाळा तिथेच झाला. ड्रॉइंगचा अर्थ एकच असावा लागतो. दोघांनी दोन अर्थ काढले तर माल रिजेक्ट होतो. मी 'पर्सेपोलिस' त्याच सवयीने वाचले. फुग्यातला मजकूर वाचला, चित्रावरून नजर फिरवली, माहिती मिळाली, पुढे गेलो. इराणात क्रांती झाली, हिजाब आला, युद्ध झाले, मुलगी परदेशी गेली. ही सगळी माहिती तर वर्तमानपत्रातही मिळाली असती.

माझ्या पिढीच्या मराठी वाचकाची या प्रकाराकडून अपेक्षा तरी काय असते? आम्ही 'चांदोबा' वाचला. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. ही मालिका १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली, तोवर आम्हाला नोकऱ्या लागल्या होत्या. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली 'अमर चित्र कथा' शाळेच्या ग्रंथालयात मिळायची. या सगळ्यांनी आमच्या मनात एक गोष्ट पक्की केली. चित्र लहानांसाठी आणि अक्षर मोठ्यांसाठी. वाचता येत नाही तोवर चित्रे पाहायची. वाचता आले की ती सोडून द्यायची. माझे अब्बा कॉमिक हिसकावून घेत आणि म्हणत, किताब पढ. म्हणून कुणी 'ग्राफिक नॉव्हेल' म्हटले की नवखा वाचक दोनच गोष्टींची अपेक्षा करतो. एकतर पोरखेळ, नाहीतर न वाचणाऱ्यांसाठी सोपी केलेली कादंबरी. मी दुसरी अपेक्षा धरून बसलो होतो. पुस्तक लवकर संपले याचा मला आनंद झाला, त्याचे मूळ यातच आहे.

चित्रकादंबरी वाचायची कशी, हे मला शेवटी कळले ते कंपनीतल्या कायझेनच्या बोर्डासमोर. चाकण-तळवड्याच्या कुठल्याही कारखान्यात हा बोर्ड भिंतीवर असतोच. कामगाराने केलेली सुधारणा त्यावर लावतात. डावीकडे फोटो, खाली 'आधी'; उजवीकडे फोटो, खाली 'नंतर'. डावीकडे तेल सांडलेले आहे, उजवीकडे ट्रे बसवलेला आहे. दोन फोटोंच्या मध्ये बोटभर कोरी जागा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या जागेकडे पाहताना माझ्या मनात आले की खरी गोष्ट तर इथेच घडली. कुणीतरी आठ दिवस डोके लढवले, सुपरवायझरशी भांडला, भंगारातून पत्रा आणला, रात्रपाळीत वेल्डिंग करून घेतले. ते बोर्डावर कुठेच नाही. पण आम्हाला तो माणूस माहीत आहे, म्हणून आम्ही ते आपोआप भरून घेतो. ज्याला तो माणूस माहीत नाही त्याला दोन फोटो दिसतात आणि तो पुढे जातो.

स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकी चित्रकाराने १९९३ साली चित्रकथेवरच एक चित्रकथा लिहिली, 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचकच गोष्ट पुरी करतो, हे त्याने सविस्तर मांडले आहे. भाचीने ते पुस्तक मला नंतर दिले. मला ते पटले, पण त्याआधी ते बोर्डावर पटले होते.

मग 'पर्सेपोलिस' पुन्हा वाचायला घेतले, या वेळी दिवसाला वीस पाने. पहिल्याच पानावर १९८० सालची दहा वर्षांची मार्जान हिजाब घालून बसली आहे. शेजारच्या चौकटीत तिच्या वर्गातल्या मुलींचा फोटो आहे आणि ती स्वतः डाव्या कडेला असल्यामुळे चौकटीबाहेर कापली गेली आहे. पहिल्या वाचनात मला हा विनोद वाटला होता. दुसऱ्या वाचनात कळले की ही सगळ्या पुस्तकाची तक्रार आहे. सारख्या कपड्यातल्या मुलींची रांग बाहेरून बघणाऱ्याला एकच दिसते. जवळ जाऊन पाहिले तर एकीची भुवई वर आहे, एकीचे ओठ मुडपलेले आहेत, एकीचे केस कपाळावर आले आहेत. लेखिकेने चार-सहा रेघांत प्रत्येकीला वेगळे केले आहे. जगभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या बायका पाठमोऱ्या, काळ्या ठिपक्यांसारख्या छापल्या जातात. त्या सवयीच्या वाचकाला हे पान थांबवते.

पण याच पुस्तकात माझी एक अडचण झाली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लहानगी मार्जान रात्री देवाशी बोलते आणि लेखिकेने तो पांढऱ्या दाढीचा वृद्ध म्हणून काढला आहे. मी पुस्तक मिटून ठेवले. दोन दिवस हात लावला नाही. या चित्रावरून २०११ साली ट्युनिशियात मोठा गदारोळ झाला होता; 'पर्सेपोलिस'वरचा सिनेमा तिथल्या एका वाहिनीने दाखवला आणि वाहिनीच्या प्रमुखाला पुढे न्यायालयाने दंड केला. आपल्या अकिद्याला हे चित्र मानवणारे नाही, हे मी आजही म्हणतो. तरीही पुढे वाचले ते बरे झाले. मुलीचा लाडका काका अनूश, ज्याने तुरुंगात ब्रेडचा हंस करून तिला दिला, त्याला फाशी होते. त्या रात्री ती त्या वृद्धाला खोलीतून हाकलून देते आणि पुढच्या चित्रात ती अथांग काळ्या आभाळात एकटीच तरंगते आहे. तेव्हा मला उमगले की ते चित्र देवाचे नव्हतेच. एका मुलाच्या मनातल्या आधाराचे होते. आधार गेला हे दाखवायला लेखिकेला आधी तो काढून दाखवावा लागला. हे समर्थन सर्वांना पटेल असे नाही. मला निम्मे पटले.

आक्षेप आणखी एक आहे आणि तो जास्त वाङ्मयीन आहे. ज्या लेखिकेने मुलींचे चेहरे इतक्या ममतेने वेगळे केले, तिने धर्मरक्षक म्हणून फिरणारे दाढीवाले मात्र पुष्कळदा एकाच साच्यातून काढले आहेत. त्यांना भुवया आहेत, राग आहे, पण घर नाही. बाहेरच्यांनी आपल्यावर जे केले तेच थोड्या प्रमाणात इथेही झाले आहे.

बाहेरचे काय करतात हे आपल्याला सांगायला नको. व्यंगचित्रात मुसलमान दाखवायचा म्हणजे जाळीची टोपी, मिशी नसलेली दाढी, चौकड्याची लुंगी, डोळ्यांत सुरमा. व्यंगचित्र क्षणात कळावे लागते, म्हणून चित्रकाराला खूण लागते, हे मान्य. पण जिथे शेजाऱ्याशी ओळख नाही तिथे खूण हीच ओळख होऊन बसते. मी स्वतः दाढी ठेवत नाही, लुंगी नेसत नाही. पण असे चित्र छापून आले की कॅन्टीनमध्ये कुणीतरी माझ्याकडे पाहून हसतोच. 'अमर चित्र कथे'त आपण आहोत, नाही असे नाही. अकबर आहे, नूरजहाँ आहे, चांदबिबी आहे. मी वाचलेल्या पुस्तिकांत कबीर सोडला तर सगळे तख्तावर किंवा घोड्यावर. बागवान, तांबोळी, अत्तार, फिटर, पंक्चरवाला, बीडमधून ऊसतोडीला गेलेला मुसलमान तिथे कुणी नाही.

चित्रकादंबरीचे बळ मला इथे दिसते. एकच चेहरा दोनशे-तीनशे पानांत हजार वेळा काढावा लागतो. पहिल्या पानावर तो खूण असेल, पन्नासाव्या पानावर राहत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून वर्तमानपत्रात रोज भेटत राहिला, म्हणून तो मराठी घरातला झाला. त्याचे तीन केस कुणी मोजत बसले नाही. आर्ट स्पीगेलमनने 'माउस'मध्ये याच गोष्टीशी उघड झुंज घेतली. त्याचे आईवडील ऑशवित्झमधून वाचलेले ज्यू. नाझींनी ज्यूंना किडेमुंग्या, उंदीर ठरवले होते. स्पीगेलमनने तीच शिवी उचलली आणि ज्यूंना उंदीर, जर्मनांना मांजर, पोलंडच्या लोकांना डुक्कर म्हणून काढले. पहिला भाग १९८६ साली पुस्तकरूपाने आला, दुसरा १९९१ साली, आणि १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. वाचताना वीस-पंचवीस पानांत आपण उंदीर विसरतो. तिथे एक चिक्कू, हट्टी, हृदयाच्या दुखण्याचा म्हातारा राहतो, जो मुलाला छळतो आणि गोळ्या मोजत छावणीची हकीकत सांगतो. दुसऱ्या भागात लेखक स्वतःला टेबलापाशी बसलेला दाखवतो, चेहऱ्यावर उंदराचा मुखवटा, मुखवट्याची दोरी मागे स्पष्ट दिसते, पायाशी प्रेतांचा ढीग. दुःख सांगून मिळालेल्या नावाची शरम इतक्या उघडपणे मांडलेली मी मराठी आत्मकथनांतही फारशी वाचलेली नाही. पोलंडच्या लोकांना डुक्कर केल्याबद्दल तिकडे नाराजी झाली. ती मला समजते. आपल्याला त्या प्राण्याबद्दल काय वाटते ते वेगळे सांगायला नको.

काश्मीरच्या मलिक सजादने हाच धागा घेऊन २०१५ साली 'मुन्नू' लिहिले. त्यात काश्मिरी माणसे हंगुल हरणाच्या रूपात आहेत, नामशेष होत चाललेल्या त्यांच्याच खोऱ्यातल्या हरणाच्या. बाहेरून आलेले मात्र माणसाच्या रूपात. मुन्नूचे वडील नक्षीकाम करणारे कारागीर आहेत आणि सजादची रेघही लाकडाच्या ठशासारखी ठसठशीत आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध मला पसरट वाटला. लेखक मोठा होऊन परदेशी पाहुण्यांना भेटू लागतो तशी चित्रांतली धग कमी होते. पहिल्या भागातले घर मात्र विसरता येत नाही. आई, भावंडे, दारावरची थाप आणि तरीही शाळेचा गृहपाठ.

या सगळ्यांत माझ्यासारख्या ड्रॉइंगवाल्याला सर्वांत जवळचा वाटला तो जो साको. माल्टात जन्मलेला, अमेरिकेत राहणारा पत्रकार. १९९१-९२ च्या हिवाळ्यात तो पॅलेस्टाइनमध्ये फिरला आणि १९९३ ते १९९५ या काळात नऊ अंकांत त्याने 'पॅलेस्टाइन' काढले. २००१ सालच्या आवृत्तीला एडवर्ड सईद यांची प्रस्तावना आहे. त्यात घसान नावाच्या माणसाच्या कोठडीची हकीकत आहे. सुरुवातीला पानावर मोजक्या, मोठ्या चौकटी. दिवस सरतात, झोपू देत नाहीत, डोक्यावर पिशवी, चौकशी चालूच. तशा चौकटी लहान होत जातात, वाढत जातात, शेवटी एकेका पानावर वीसेक खोकी. चौकटींच्या भोवतीची पट्टी काळी. मजकूर फारसा नाही. वाचताना माझाच श्वास कोंडू लागला. शब्दांत लिहिले असते तर 'त्याला लहान कोठडीत अनेक दिवस ठेवले' असे एक वाक्य झाले असते. इथे पान हीच कोठडी आहे. पहिल्या वाचनात मी जे करत होतो, फुगा वाचून पुढे जाणे, ते इथे शक्यच नाही. पुढे २००९ साली त्याचे 'फुटनोट्स इन गाझा' आले. १९५६ साली खान युनिस आणि रफाहमध्ये झालेल्या हत्यांची ती शोधाशोध आहे. म्हातारी माणसे आठवतात, एकाची आठवण दुसऱ्याशी जुळत नाही, आणि साको न जुळणाऱ्या आठवणीही तशाच काढून दाखवतो. तपासणी खात्यात याला आम्ही विचलन म्हणू आणि नोंद करू. तो लपवत नाही. त्याच पुस्तकात रफाहमध्ये घरे पाडली जातानाची पाने आहेत.

ती पाने वाचली तेव्हा मला कुदळवाडी आठवली. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड, लहान कारखाने हजारोंच्या संख्येने पाडले गेले. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत, प्रदूषण होई, असे पालिकेचे म्हणणे. आम्ही वर्षानुवर्षे इथे धंदा करतो, असे गाळेवाल्यांचे. तो वाद इथे सोडवायचा नाही. कुदळवाडी आणि रफाह एक आहेत असेही मला म्हणायचे नाही; एकीकडे युद्ध आणि ताबा आहे, दुसरीकडे महापालिका. मला आठवले ते फोटो. उंचावरून घेतलेले, सपाट झालेली जमीन, पिवळी यंत्रे. वर्तमानपत्रात त्याहून जास्त जागा नसते. ज्या कारखान्यांत मी आयुष्य काढले त्यांचे लोखंडी किस, पुठ्ठे, प्लास्टिकचे क्रेट, लाकडी पॅलेट तिथेच जायचे. तिथल्या पुष्कळ माणसांना मी नावाने ओळखत होतो. त्या फोटोत त्यांच्यातला एकही नव्हता. साकोसारखा कुणी असता तर त्याने आधी दारे मोजली असती, मग प्रत्येक दारात एक माणूस उभा केला असता आणि त्याला बोलू दिले असते. चुकीचे बोलला तरी. साकोने २०१३ च्या मुझफ्फरनगरच्या दंगलीवर २०२५ साली पुस्तक काढले आहे, ते अजून मी वाचलेले नाही. म्हणजे आपल्या देशातल्या दंगलीचे चित्र काढायलाही माल्टाचा माणूस पोर्टलंडहून यावा लागला. त्याचे आभार मानावेत की आपली खंत करावी?

आपण फक्त चित्रात दुखावले जाणारेच आहोत, असे समजण्याचेही कारण नाही. दिल्लीच्या नवायन प्रकाशनाचे 'भीमायन' २०११ साली आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव रंगवले आहेत. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. यात चौकटी नाहीतच. माणसांना खोक्यांत कोंडायला या चित्रकारांनी नकार दिला आहे. फुगेही दोन तऱ्हांचे. गोड, सरळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. ही कल्पना इतकी साधी आहे की लहान मुलालाही कळावी, आणि पुस्तक मिटल्यावरही ती पाठ सोडत नाही. मला तेव्हा बाबासाहेबांनीच लिहिलेली दौलताबादची आठवण आली. १९३४ साल, रमजानचा महिना. प्रवासाने धुळीने माखलेली मंडळी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतात. मागून एक पांढऱ्या दाढीचा मुसलमान म्हातारा हौद बाटवला म्हणून ओरडत येतो, गर्दी जमते. रोजा असलेला माणूस आणि तोंडात ते शब्द. त्याच्या फुग्याला कोणता आकार द्यायचा, हे ठरवायला आपल्याला चित्रकार लागणार नाही. पर्सेपोलिसमधल्या दाढीवाल्यांना घर का नाही असे मी वर विचारले. या म्हाताऱ्याला घर द्यायचे, पण नांगी पुसायची नाही, असे चित्र आपल्यातल्या कुणाला काढता येईल का?

इथे कुणी म्हणेल, आपल्यात तसवीरच जायज नाही, तर चित्रकादंबरी कुठून येणार? सजीवाची आकृती काढण्याबद्दल उलेमांची मते कडक आहेत, त्यांत मतभेदही आहेत, आणि तो फैसला देण्याची माझी पात्रता नाही. मी फक्त इतिहासातली दोन उदाहरणे सांगतो. अकबराच्या चित्रशाळेत सोळाव्या शतकात सुमारे पंधरा वर्षे खपून 'हम्झानामा' तयार झाला. अमीर हम्झाची दास्तान, कापडावर काढलेली सुमारे १४०० मोठी चित्रे, आणि मजकूर चित्राच्या पाठीमागे. चित्र समोर धरायचे आणि मजकूर वाचून दाखवायचा. दोनशेच्या आसपासच आज उरली आहेत. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी करतात ते याहून फार वेगळे नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतली एक सचित्र पोथी आहे, आफताबी या कवीने लिहिलेली 'तारीफ-ए-हुसेनशाही'. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या वर्षांतली. त्यात सुलतान हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंझा हुमायून यांची चित्रे आहेत. राणी सुलतानाशेजारी तख्तावर बसलेली. मागाहून कुणीतरी बहुतेक चित्रांतून राणीची आकृती रंग लावून किंवा खरवडून नाहीशी केली. ही खुंझा हुमायून म्हणजे चांदबिबीची आई. मुलगी 'अमर चित्र कथे'त आली, आई आपल्याच पोथीतून पुसली गेली. मंडळाने ही पोथी १९८७ साली छापून प्रसिद्ध केली, तीत ही चित्रे पाहायला मिळतात. सुलतान बसला आहे, शेजारी तख्तावर एक डाग. भाची म्हणाली तशी मी ती या वेळी नुसती पाहिली नाहीत.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी, असे मला आता लोक विचारतात. माझे सांगणे, 'माउस' आधी घ्या. इंग्रजी बेताचे असले तरी चालते, म्हाताऱ्याचे इंग्रजी आपल्याहून मोडके आहे. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, ज्याने उर्दू शिकली आहे त्याला त्याचे काही वाटणार नाही. केजी नाकाझावाचे हिरोशिमावरचे 'बेअरफूट गेन' त्यातले जरूर पाहावे. ही पुस्तके महाग आहेत, बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि आमच्या भागातल्या वाचनालयांत मला ती मिळाली नाहीत. मराठीत भाषांतरे झाली पाहिजेत हे खरे, पण हमीद दलवाईंचे 'इंधन' १९६५ साली आले ते भाषांतर म्हणून आले नव्हते. आपल्या घराची गोष्ट आपणच लिहिली तेव्हा ती मराठीत उभी राहिली. चित्रातही तसेच व्हावे लागेल.

भाची सध्या तिच्या नानीवर काहीतरी काढते आहे. नानी म्हणजे माझी आई, जुन्नरची, लग्न होऊन पिंपरीला आली तेव्हा आजूबाजूला शेते होती. तिने आयुष्यात दोनदा फोटो काढू दिला, रेशनकार्डासाठी आणि हजच्या पासपोर्टसाठी. चित्र काढू का, असे भाचीने विचारले तेव्हा बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "चेरा निकाल, पर आँखां नक्को." मला वाटले, झाले, संपले पुस्तक. भाचीने ती अट मान्य केली. आतापर्यंतच्या अकरा पानांत नानी तव्यावर वाकलेली आहे, पाठमोरी आहे, वाफेत आहे, सुईत दोरा ओवताना हात डोळ्यांपुढे आला आहे. खिडकीबाहेर पहाटेची कंपनीची बस उभी आहे आणि बसमध्ये चढणारा, डबा घेतलेला माणूस मी आहे. मला डोळे दिले आहेत. अडले आहे ते फुग्यांपाशी. नानी घरात दखनी बोलते, भाजीवालीशी मराठी, बसचा ड्रायव्हर हिंदी. सगळे मराठीत लिहिले तर नानी नानीसारखी बोलत नाही, दखनीत लिहिले तर छापणार कोण. तूर्त तिने पेन्सिलीने फुगे आखून ते रिकामे ठेवले आहेत.